किती लिहू? : उत्पन्नाच्या दाखल्याविषयी

दलित चळवळीत जातीच्या दाखल्यावर पुष्कळ बोलले गेले, लिहिलेही गेले. उत्पन्नाच्या दाखल्यावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही. जातीचा दाखला माणूस आयुष्यात एकदा काढतो. त्याच्या पडताळणीचा जाच वेगळा. उत्पन्नाचा दाखला पुन्हा पुन्हा काढावा लागतो, कारण ३१ मार्च उलटला की तो शिळा होतो. पोराची शिष्यवृत्ती, म्हातारीची निराधार पेन्शन, दवाखान्यातली सवलत, अशा कितीतरी दारांना ही एकच कडी लावलेली आहे. आपले कार्यकर्ते या कागदाकडे कारकुनी बाब म्हणून पाहतात. ‘दाखला काढून आण’ असे सांगतात आणि पुढच्या कामाला लागतात. या कागदावरचा आकडा येतो कुठून, तो कोण ठरवतो, आणि तो खरा असता तर काय झाले असते, हे प्रश्न आपण विचारलेले नाहीत. ते विचारावेत एवढ्यासाठी हा लेख.

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात शिकवतो. शिष्यवृत्तीच्या अर्जांचे काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. त्यामुळे हे कागद मी आधी अर्जदार म्हणून पाहिले आणि आता तपासणारा म्हणून पाहतो. दर पावसाळ्यात शेकड्यांनी दाखले माझ्या टेबलावरून जातात. त्यांत एक गोष्ट वारंवार दिसते. शिक्षकाच्या, पोलिसाच्या, पालिकेच्या कायम कामगाराच्या मुलाचा दाखला वेडावाकडा असतो, म्हणजे ३,८७,४१२ असा काहीतरी. मजुराच्या मुलाचा दाखला गुळगुळीत असतो: ४०,०००, ४५,०००, ५०,०००. एकाचे उत्पन्न मोजलेले आहे आणि दुसऱ्याचे लिहिलेले आहे, हे त्या शून्यांवरूनच कळते.

आधी पद्धत सांगतो. अर्ज सेतू केंद्रात किंवा ‘आपले सरकार’ केंद्रात भरला जातो. सोबत ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, स्वयंघोषणापत्र आणि उत्पन्नाचा पुरावा. या शेवटच्या कागदापाशी माणसांचे वर्ग पडतात. नोकरदाराकडे पगारपत्रक किंवा फॉर्म सोळा असतो. जमीनवाल्याकडे सातबारा आणि आठ-अ असतो. ज्याच्याकडे यांतले काहीच नाही, त्याच्यासाठी तलाठ्याचा चौकशी अहवाल. तलाठ्याला आता कागदोपत्री ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणतात. २०२४ साली नाव बदलले, सज्जा तोच राहिला. त्याच्या अहवालावर नायब तहसीलदार किंवा तहसीलदार सही करतो. हल्ली ती सहीसुद्धा संगणकातून येते. म्हणजे सही करणाऱ्याने अर्जदाराला पाहिलेले नसते, आणि ज्याने पाहिलेले असते त्याच्या शब्दाखेरीज सही करणाऱ्याकडे काही नसते.

आता तो अहवाल. मी पाहिलेल्या अहवालांत ‘मजुरी’ या शब्दापुढे एक गोळा आकडा असतो. वर्षातून किती दिवस काम मिळाले, रोज काय पडला, बाईचा किती आणि गड्याचा किती, याची फोड मी अद्याप एकाही अहवालात पाहिलेली नाही. तलाठी वाईट असतो असे मला म्हणायचे नाही. त्याच्याकडे दोन-तीन गावे असतात, पीकपाहणी असते, निवडणुकीचे काम असते. समोर आलेल्या माणसाला तो दोन प्रश्न विचारतो. पहिला, ‘कशाला पाहिजे?’ आणि दुसरा, ‘किती लिहू?’

या दोन प्रश्नांच्या क्रमात सगळी व्यवस्था आहे. माणसाची कमाई आधी कळावी आणि मग तो कोणत्या योजनेत बसतो ते पाहावे, असे शासनाचे कागद म्हणतात. प्रत्यक्षात योजना आधी कळते आणि तिच्यात बसेल अशी कमाई मागाहून लिहिली जाते. शिष्यवृत्तीला पाहिजे असेल तर एक आकडा, निराधारला पाहिजे असेल तर दुसरा. एकाच घराचे एकाच वर्षाचे दोन वेगळे दाखले मी पाहिले आहेत, आणि ते देणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला त्यात काही विपरीत वाटलेले नव्हते.

असे का होते? लोक लबाड आहेत म्हणून, असे शहरातला मध्यमवर्गीय म्हणेल. त्याने थोडे गणित करावे.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. विधवा, अपंग, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण अशांना दरमहा मदत देणारी ही योजना आमच्या वस्त्यांमध्ये सगळ्यांच्या ओळखीची आहे. मदतीची रक्कम २०२३ साली १,००० वरून १,५०० रुपये झाली. त्या वेळीही कुटुंबाच्या उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा २१,००० रुपयेच होती, आणि हे २१,००० वर्षाचे. महिन्याला १,७५० आणि दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये झाले, तेही एका माणसाचे नव्हे तर घराचे. आता दुसऱ्या बाजूने पाहा. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर २९७ रुपये रोज होता. कायद्याने घरामागे शंभर दिवसांच्या कामाची हमी होती. शंभर दिवसांचे झाले २९,७००. म्हणजे शासनाने दिलेले हमीचे काम शासनाने ठरवलेल्या दराने एखाद्या घराने पुरते केले असते, तर एकाहत्तराव्या दिवशी ते घर निराधार योजनेच्या मर्यादेबाहेर गेले असते. रोजगार हमी ही या राज्याने १९७२ च्या दुष्काळात सुरू करून १९७७ च्या कायद्याने पक्की केलेली गोष्ट. तिचा लाभ घ्या आणि निराधार योजनेला मुका, असा हा हिशेब.

रेशनचेही तसेच. १९९९ साली पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डे आली. पिवळ्यासाठी वर्षाचे १५,००० पर्यंत, केशरीसाठी त्यापुढे एक लाखापर्यंत, त्यावर पांढरे. पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याची अंमलबजावणी २०१४ साली सुरू झाली, तेव्हा केशरी कार्डवाल्यांतून प्राधान्य कुटुंबे निवडायला ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० ही मर्यादा ठरली. नवराबायकोने प्रत्येकी पंचाहत्तर दिवस २९७ रुपयांनी काम केले तर ४४,५५० होतात. वर्षाचे उरलेले दोनशे नव्वद दिवस त्यांनी उपाशी बसावे, नाहीतर खोटे बोलावे. तेव्हा खोटे हे माणसाच्या तोंडात नंतर येते. ते आधी नियमात लिहिलेले असते.

मर्यादा ठरवताना ती कदाचित बरोबरही असेल. पण भाव चढतात, मजुरी चढते, आणि मर्यादा जागेवर उभी राहते. उभी राहिलेली मर्यादा म्हणजे दर वर्षी थोडी खाली येणारी मर्यादा. कोणताही शासननिर्णय न काढता, कोणतेही भाषण न करता, लोकांना योजनेबाहेर काढण्याचा हा सगळ्यात शांत मार्ग आहे. मर्यादा वाढवता येत नाहीत असेही नाही. इतर मागासवर्गीयांच्या क्रिमी लेयरची मर्यादा १९९३ साली एक लाख होती. ती २००४ मध्ये अडीच, २००८ मध्ये साडेचार, २०१३ मध्ये सहा आणि २०१७ मध्ये आठ लाख झाली. हे झाले ते योग्यच झाले. त्यामागे संघटित मागणी होती, दिल्लीत बोलणारी माणसे होती. शिवाय ते मोजताना पगाराचे आणि शेतीचे उत्पन्न त्या मिळकतीच्या कसोटीत मिळवत नाहीत, आणि मर्यादा सलग तीन वर्षे ओलांडली तरच ती लागू होते. किती विचारपूर्वक केलेले मोजमाप आहे पाहा! पिवळ्या कार्डाच्या पंधरा हजारांसाठी असा विचार करायला कोणी बसले नाही. निराधार बाईची संघटना नसते.

आता पगारदारांकडे वळू, कारण आपल्यातले काही जण आता त्या बाजूला गेले आहेत. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. १९४२ च्या आपल्या निवेदनात त्यांनी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी जोरकसपणे मांडलेली होती. आज आपण जे कोणी प्राध्यापक, वकील, डॉक्टर म्हणून मिरवतो, त्यांतले बहुतेक या पैशावर वाढलेले आहेत. या शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा २०१३-१४ पासून अडीच लाख झाली. २०२१ मध्ये योजनेची फेररचना झाली, केंद्राचा वाटा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस टक्के ठरला. अडीच लाख मात्र अडीच लाखच राहिले. महिन्याला हे झाले २०,८३३ रुपये. २०१९ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल म्हणून जो नवा वर्ग शासनाने मानला, त्याची मर्यादा आठ लाख ठेवली. आणि २०२५-२६ पासून नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंतच्या मिळकतीवर आयकर पडत नाही. एकाच देशात सात-आठ लाख मिळवणारा एक माणूस शासनाच्या लेखी दुर्बल, बारा लाख मिळवणारा करमुक्त, आणि पालिकेत झाडू मारून बावीस हजार घरी आणणारी बाई शिष्यवृत्तीच्या लेखी संपन्न! मर्यादा ओलांडलेल्या घरातल्या मुलाला महाराष्ट्रात फ्रीशिप मिळते, म्हणजे शिकवणीचे आणि परीक्षेचे शुल्क सुटते. पण निर्वाहभत्ता जातो. खोलीचे भाडे आणि खानावळ त्याने कशातून द्यावी, हे कोणी सांगत नाही.

त्यातही कंत्राटी सफाई कामगाराची गोष्ट वेगळीच. कंत्राटदार कागदावर किमान वेतन दाखवतो. बँकेत तेवढेच जमा करतो आणि त्यातले काही परत मागून घेतो. ही गोष्ट कामगार वस्तीत कोणालाही विचारा. दाखल्याला पगारपत्रक जोडायचे म्हणजे हातात न आलेला पैसाही उत्पन्नात धरला जातो. मजुराचे उत्पन्न कमी लिहितात म्हणून ओरड होते. या कामगाराचे जास्त लिहिले जाते, त्याची ओरड मी कुठे ऐकली नाही.

मुळात उत्पन्न म्हणजे काय? अर्थशास्त्राच्या पुस्तकात याची व्याख्या एका ओळीत मिळते. ती घेऊन ऊसतोडीच्या कोयत्यापाशी जा. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. दसऱ्याच्या सुमारास मुकादम त्यांना उचल देतो. ही उचल उत्पन्न की कर्ज? पैसा हातात आलेला असतो, पण तो फेडायचा असतो अंगमेहनतीने, पुढच्या पाच-सहा महिन्यांत. हंगाम संपतो तेव्हा कित्येकांची उचल फिटलेली नसते. बाकी पुढच्या साली ओढली जाते. आता उचल बँकेच्या खात्यात आली तर पासबुकात एकरकमी मोठा आकडा दिसतो. कारकून म्हणतो, ‘एवढे पैसे आले की तुझ्या खात्यात!’ वास्तविक त्या दिवशी तो माणूस श्रीमंत झालेला नसतो, बांधला गेलेला असतो. आणि ज्या महिन्यांत तालुक्याला चौकश्या चालतात, त्या महिन्यांत हे लोक कारखान्याच्या तळावर असतात. गावात त्यांच्या दाराला कुलूप असते. ‘अर्जदार राहत्या पत्त्यावर आढळला नाही’ असा शेरा पडतो.

किंवा वतनी जमीन घ्या. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. त्याच्या तीस वर्षे आधी, १९२८ साली, बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडले होते. वतन गेले, जमीन नव्या शर्तीने पुन्हा मिळाली, आणि तीन पिढ्यांत तिच्या सातबाऱ्यावर नावांची जत्रा भरली. समजा दोन एकराचा सामाईक तुकडा आहे आणि त्यावर सोळा नावे आहेत. वाटणी केली तर एकेकाला पाच गुंठे. त्यातला काही भाग पोटखराब, काही भाग दुसऱ्याच्याच ताब्यात. पण सातबारा काढला की अर्जदार ‘खातेदार’ ठरतो. भूमिहीन म्हणून मिळणारे जाते आणि शेतकरी म्हणून मिळणारे येत नाही. आमच्या भागात लोक मुद्दाम सातबाऱ्यावर नाव लावून घेत नाहीत, ते याच भीतीने. हक्काच्या जमिनीवरचे आपले नाव माणसाला ओझे व्हावे, यापरते काय असेल?

आणि ज्याला पैशाचे रूपच नाही ते? सुगीत मजुरीबद्दल मिळणारी पायली-दोन पायली ज्वारी, घरच्या शेळीचे दूध, सरपणाची मोळी. हे धरले तर उत्पन्न वाढते, न धरले तर घर कशावर चालते ते कळत नाही. या बाबतीत आपल्याला एक जुना अनुभव आहे. येसकराच्या पाळीवरचा महार दारोदार भाकरी घेत असे, ती त्याच्या दिवसभराच्या कामाची मजुरी होती. देणाऱ्याने तिला भीक म्हणायचे ठरवले, आणि शेकडो वर्षे ती भीकच ठरली. आपल्या कमाईला काय म्हणायचे हे ठरवणारा दुसराच कोणी असणे, ही आपल्यासाठी नवी गोष्ट नाही. दाखला हे तिचे नवे रूप आहे असे मला वाटते. कोणाला ही तुलना ताणलेली वाटेल, पण ‘किती लिहू?’ हे शब्द ऐकताना समोरच्या म्हाताऱ्याची मान कशी खाली जाते ते मी पाहिले आहे.

कोणाचे उत्पन्न धरायचे हा आणखी एक वादाचा मुद्दा. ‘कुटुंब’ या शब्दात कोण कोण? विभक्त राहणारा मुलगा? लग्न होऊन माहेरी परतलेली मुलगी? इंग्लंडात १९३१ साली बेकारभत्त्यासाठी अशीच घरोघर चौकशी सुरू झाली. अधिकारी घरात येऊन कपाट-खुर्च्या पाहून जात आणि मुलामुलींच्या मजुरीएवढा बापाचा भत्ता कापत. कामगारवर्गात त्याचा इतका संताप झाला की मुले घर सोडून वेगळी राहू लागली, आणि शेवटी १९४१ च्या कायद्याने सबंध घराची मिळकत धरण्याची ती रीत मोडीत निघाली. आपल्याकडे म्हाताऱ्या आईचे रेशनकार्ड वेगळे करतात ते भांडणामुळेच असते असे नाही. मुलाचा ट्रकवरचा पगार तिच्या पेन्शनआड येऊ नये म्हणून चुली कागदावर वेगळ्या होतात. पुढे पुढे त्या खरोखरच वेगळ्या होतात.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या नियमावलीत आईवडील हयात असतील तर फक्त त्यांचेच उत्पन्न धरावे, घरातील इतर कमावत्यांचे धरू नये, असे लिहिलेले आहे. आमच्याकडे एका मुलीच्या दाखल्यात तिच्या भावाचा कंपनीतला पगार मिळवून आकडा अडीच लाखांच्या वर नेला होता. कलम दाखवल्यावर दाखला बदलून मिळाला, पण त्याला दोन महिने गेले. कलम माहीत नसलेल्या किती मुलींनी निमूटपणे अर्ज मागे घेतला असेल?

उत्पन्न न विचारताही गरिबी ठरवण्याचे प्रयत्न झालेले आहेत. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या १९९२ च्या पाहणीत वर्षाला ११,००० रुपये ही मर्यादा धरली होती. १९९७ मध्ये उत्पन्न सोडून खर्चाकडे पाहिले. २००२ मध्ये तर तेरा प्रश्नांची गुणपत्रिकाच निघाली: प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. जितके गुण कमी तितके घर गरीब. घर कसले, कपडे किती, दोन वेळा जेवायला मिळते का, असे हे प्रश्न. त्यांत एक प्रश्न शिक्षणाचा होता. घरात सगळ्यात जास्त शिकलेला माणूस निरक्षर असेल तर शून्य, पदवीधर असेल तर तीन, द्विपदवीधर असेल तर चार. म्हणजे मजुराच्या घरात कोणी बी.ए. झाला की, नोकरी असो वा नसो, घर तीन गुणांनी वर चढे. पोराने ‘शिका’ हा आदेश पाळला म्हणून आईबापांचे नाव यादीतून जायची पाळी! पुढे २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत काही घरे थेट वगळायची आणि काही थेट धरायची अशी रीत आली. थेट धरायच्या घरांत हाताने मैला वाहणाऱ्यांची घरे होती. मला ही रीत त्यातल्या त्यात बरी वाटते. जे घर मैला वाहते त्याला ‘किती कमावता’ हे विचारायचेच नाही, एवढा तरी शहाणपणा तिच्यात आहे. निवृत्त शिपायाच्या पासबुकापेक्षा माणसाचे काम काय आहे हे तपासायला सोपे असते आणि लपवायला अवघड असते.

२०२४ साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली, तेव्हाही अडीच लाखांची मर्यादा होती; पण पिवळे किंवा केशरी कार्ड असेल तर दाखल्याची गरज नाही, असे ठरले. घाई असली की शासनाला दाखल्याशिवायही चालते, हे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिले. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, पडताळणी आणि ई-केवायसी सुरू झाली. हा क्रमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी सैल लिहायला लावायचे आणि मग ‘खोटे लिहिले’ म्हणून वसुलीची भीती घालायची.

या भीतीपाशी मला थोडे थांबायचे आहे. खोट्या आकड्याचा तोटा पैशाचा नसतो, कारण पैसे बहुधा मिळतात. तोटा असा की ज्याच्या घरात खोटा दाखला आहे तो कोणाशी भांडू शकत नाही. पाणीपुरवठ्याच्या चोरीबद्दल बोलला, गायरानाच्या अतिक्रमणाबद्दल बोलला, की कोणीतरी म्हणतो, ‘तुझ्या आईच्या पेन्शनचा दाखला बघू का?’ आमच्याकडे चौकशीवर पंच म्हणून गावातल्या दोघांच्या सह्या घेतात. जयंतीच्या मिरवणुकीवरून तंटा झालेले एक गाव मला माहीत आहे. त्या वर्षी वस्तीतल्या एकाही अर्जावर पंचांची सही झाली नाही. नकार कोणी दिला नाही. प्रत्येकाने ‘उद्या या’ म्हटले. बहिष्काराला आता दवंडी लागत नाही.

मग करायचे काय? काही गोष्टी आजच्या आज करता येतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवसांची मुदत आहे. तेव्हा अर्जाची पोच तारखेसह घ्यावी, आणि मुदत टळली तर त्याच कायद्याखाली अपील करावे. तोंडी ‘उद्या या’ला अपील नसते, पोचपावतीला असते. नाकारले तर कारण लेखी मागावे. शिष्यवृत्तीसाठी आकडा कमी करून घेण्याची सवय सोडावी. तिथे मर्यादा अडीच लाखांची आहे, मजुराच्या घराला खरे सांगूनही ती पुरते. निष्कारण खोटे सांगून आपण स्वतःला दुसऱ्याच्या मुठीत देतो. निराधार आणि रेशनच्या बाबतीत मात्र मी हा उपदेश करणार नाही. तिथे खरे सांगा म्हणणे म्हणजे भाकरी सोडा म्हणणे आहे, आणि ते म्हणण्याचा अधिकार माझ्यासारख्या पगारदाराला नाही. तिथे भांडण मर्यादेशीच केले पाहिजे. मर्यादा किमान वेतनाशी बांधा, वेतन वाढले की ती आपोआप वाढू द्या. शेतमजूर, ऊसतोड कामगार, सफाई कामगार, एकट्या बायका यांना कामावरून आणि स्थितीवरून पात्र धरा, आकडा विचारू नका. या मागण्या अवास्तव नाहीत. जयंतीच्या व्याख्यानांत अर्धा तास त्यांना दिला तरी पुष्कळ होईल.

गेल्या सत्रात मी काही विद्यार्थ्यांना घराच्या कमाईची वही करायला सांगितली. आईवडिलांना विचारून, महिनावार, कामाचे दिवस आणि रोज. एका मुलीने ती मन लावून केली. आईचे एकशे चाळीस दिवस, तीनशे रुपयांनी, ४२,०००. वडिलांचे दीडशे दिवस, चारशेंनी, ६०,०००. दोन बोकड विकले त्याचे ११,०००. एकूण १,१३,०००. आईचा रोज वडिलांपेक्षा शंभराने कमी का, हा प्रश्न तिने समासात स्वतःच लिहिला होता. दाखल्यावर तिच्या घराचे उत्पन्न ४०,००० आहे. मी म्हणालो, या वर्षी ही वही अर्जाला जोडून खरा आकडा मागू. शिष्यवृत्तीला काही धक्का लागत नाही. ती म्हणाली, ‘सर, आजी आमच्याच कार्डात आहे. तिचे पंधराशे चालू आहेत.’ वही तिने पिशवीत ठेवली. अर्ज जुन्याच आकड्याने गेला.